एक जून शेहेचाळीस

उपळेकरांच्या हाताखाली मी चार वर्षं टायपिंग केलं आणि त्यातली निदान तीन वर्षं मी राजीनामा लिहायच्या बेतात होते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं, सरळ भांडता तरी आलं असतं. शरच्चंद्र उपळेकर हे गृहस्थ इतके सभ्य, इतक्या मऊ आवाजाचे आणि इतके चिकट होते की त्यांच्यावर चिडल्याचं आपल्यालाच वाईट वाटायचं. पत्रात स्वल्पविराम चुकला, पत्र परत. तारखेतला आकडा खोडून लिहिला, पत्र परत. कार्बनची तिसरी प्रत फिकट आली तर तीही परत, आणि वर "चित्राताई, घाई नाही, सावकाश करा," असं म्हणणार. जशी काही घाई मलाच झाली होती.

आमची कंपनी पंपांची, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत. सत्तरच्या सुमारास कंपनीनं परदेशात कारखाने उभे करून द्यायची कामं घेतली, तेव्हापासून दर दोन वर्षांनी आमचे दहा-पंधरा फिटर, वेल्डर, मोल्डर तिकडे दोन वर्षांसाठी जायचे. त्यांना जाण्याजोगं करायचं, म्हणजे त्यांचे पासपोर्ट, फोटो, टोचून घेतल्याची पिवळी पुस्तकं, वारसाचे फॉर्म असं सगळं जुळवून त्यांना विमानात बसवायचं, हे पर्सोनेल खात्यात उपळेकरांचं काम. ते सगळं टाइप करायचं, हे माझं.

शिवाय शनिवारी पहिली पाळी सुटली की कँटीनमध्ये त्यांचा वर्ग असायचा. विमानात कसं बसायचं, पाणी उकळून का प्यायचं, मच्छरदाणी कशी खोचायची, तिथल्या माणसानं 'जांबो' म्हटलं तर आपण काय म्हणायचं, हे सगळं उपळेकर शिकवायचे. स्वतः त्यांनी विमान आतून कधी पाहिलेलं नव्हतं. तळेगाव दाभाड्याहून गाडीनं चिंचवड आणि तिथून बसनं भोसरी, एवढाच त्यांचा रोजचा प्रवास. पण पॅकिंग खात्यातून पट्टा आणून त्यांनी तो कँटीनच्या खुर्चीला ठोकून घेतला होता आणि एकेकाला त्या खुर्चीत बसवून तो बांधायला लावायचे. एकदा अजीज मुजावर नावाच्या वेल्डरनं विचारलं, की हे एकदा बांधल्यावर मोरीला जायचं असेल तर काय करायचं. सगळे हसले. उपळेकरांनी मात्र प्रश्न वहीत उतरवून घेतला, मुंबईला विमान कंपनीच्या ऑफिसला पत्र पाठवलं, आणि उत्तर आल्यावर ते पुढच्या शनिवारी वाचून दाखवलं. दोन्ही पत्रं फाइलला लावली. ती टाइप करणं, जावक क्रमांक घालणं माझ्याकडे.

एकोणऐंशी साली टांझानियाची तुकडी ठरली. दारेसलामजवळ पंपांचा कारखाना उभा करायचा होता, चौदा कामगार जाणार होते, आणि या खेपेला त्यांच्याबरोबर कागदपत्रं आणि राहण्या-जेवणाचं पाहणारा एक माणूस हवा होता. वरच्या साहेबांनी उपळेकरांचं नाव घातलं. परदेशी जायला कंपनीची वयाची अट पंचेचाळीस, आणि उपळेकरांना चव्वेचाळीस पूर्ण झालेली. पुढची तुकडी दोन वर्षांनी. म्हणजे आत्ता गेले तर गेले, नाहीतर जन्मभर कँटीनच्या खुर्चीत.

ते तोंडानं काही बोलले नाहीत. पण टेबलाच्या काचेखाली आफ्रिकेचा नकाशा आला. लक्ष्मी रोडवरून कुठूनसं एक स्वाहिलीचं, म्हणजे तिकडच्या भाषेचं, पुस्तक आणलं आणि माणूस फायली मोजताना एक, दोन, तीनच्या ऐवजी पुटपुटायला लागला, मोजा, म्बिली, तातू. मला हसू यायचं आणि रागही यायचा, कारण हे गृहस्थ आनंदात असले की जास्तच बारकाईनं तपासायचे.

त्या तुकडीनं माझा जीव मेटाकुटीला आणला. आधी फोटो. चिंचवड स्टेशनजवळच्या स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक कोट आणि एक टाय ठेवलेला असायचा. आमचे चौदाच्या चौदा जण तिथेच गेले आणि त्याच काळ्या कोटात, त्याच तिरक्या पट्ट्यांच्या टायमध्ये फोटो काढून आले. अजीज काटकुळा, त्याच्या पाठीमागे कोट टाचणीनं आवळलेला. दारेसलामहून विचारणा आली की हा कंपनीचा गणवेश आहे काय. मग वारसाचे फॉर्म. बायकोचं नाव सांगा म्हटलं की दणकट बाप्ये छताकडे बघायला लागायचे. अजीजनं तेवढं सरळ 'बिल्किस' सांगून टाकलं आणि बाकीच्यांची चेष्टा केली. शेवटी उपळेकरांनी चिठ्ठ्या वाटल्या, ज्यानं त्यानं नाव लिहून घडी करून द्यायचं.

आणि मग जन्मतारखा. चौदापैकी नऊ जण एक जूनला जन्मलेले. आपल्याकडे कुणाला त्यात काही वाटत नाही. गावाकडे पोरगं जूनमध्ये शाळेत घालायला नेलं की मास्तर त्याच्याकडे बघून वर्ष ठरवायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. पण तिकडच्या सरकारी खात्याला वाटलं, ही काहीतरी बनावट टोळी येते आहे. उपळेकरांनी खुलासा सांगायला घेतला आणि मी टाइप करायला. अडीच पानं. त्यात आपल्या शाळा जूनमध्ये का सुरू होतात इथपासून सारं आलं. मी म्हटलं, साहेब, चार ओळी पुरतील. ते म्हणाले, घाई नाही.

हा खुलासा गेला, तो मान्य झाला, आणि उत्तरात नवी मागणी आली. प्रत्येकाच्या कंपनीतल्या नोंदीतली जन्मतारीख दाखला म्हणून पाठवा, ती पासपोर्टशी जुळली पाहिजे. मी चौदा सर्व्हिस कार्डं काढली. तेरा जुळली. चौदावं किसन गव्हाण्याचं.

किसन भोसरीचाच. वसाहतीसाठी जमिनी गेल्या त्यात गव्हाण्यांचंही वावर गेलं होतं, आणि आमची पंप तपासायची शेड नेमकी त्याच्यावर उभी होती. फिटर म्हणून त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पंप आणि मोटर एका रेषेत आणायला इतरांना अर्धा दिवस लागायचा, किसन नुसतं बोट लावून सांगायचा कुठं किती उचलायचं. शनिवारच्या वर्गात पुढच्या बाकावर बसून तो सगळं लिहून घ्यायचा. मी एकदा विचारलं, एवढी कसली हौस. तो म्हणाला, "ताई, बापानं जिथं नांगर धरला तितंच मी पाना धरला. घर आन् ही शेड, दुसरं कायबी बगितलं न्हाई. येकदा जाऊन यायचंय."

शाळेच्या दाखल्यावरून त्याच्या पासपोर्टात जन्मतारीख होती एक जून एकोणपन्नास. कंपनीच्या कार्डावर होती एक जून शेहेचाळीस. मधली तीन वर्षं कुठे गेली, याचा खुलासा दिल्याशिवाय किसनला परवाना मिळणार नव्हता. कागद सहा एप्रिलला मुंबईला पोचायला हवे होते आणि त्या दिवशी तीस मार्च होती.

आमचे पर्सोनेल मॅनेजर मधुसूदन दिघे कामाचा निकाल लावण्यात पटाईत. त्यांनी पाच मिनिटांत दोन वाटा सांगितल्या. एक तर किसनला वगळा आणि यादीतला पंधरावा घ्या. नाहीतर किसननं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं, की नोकरीला लागताना मीच वय खोटं सांगितलं. किसनला बोलावलं. तो म्हणाला, एवढंच ना, करतो सही. त्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, मला टाइप करून करून पाठ झालं होतं, की नोकरीला लागताना खोटी माहिती देणं ही आमच्या नियमांत बडतर्फीची गोष्ट होती. दिघे म्हणाले, कोण काढतंय ते बाहेर. पण फाइलला लागलेला कागद कधीतरी कुणीतरी बाहेर काढतंच. तरी किसनला जायचं होतं, म्हणून मी तो कागद टाइप केला.

उपळेकरांनी तो वाचला आणि परत केला. म्हणाले, नावाच्या दोन अक्षरांमध्ये जागा जास्त सुटली आहे. स्टॅम्प पेपर वाया. दुसरा आणला, टाइप केला. 'सांगितले'च्या ऐवजी 'सांगितलेले' पाहिजे, म्हणाले. मी दात खाऊन तिसरा आणला. तो त्यांनी ठेवून घेतला आणि दिवसभर त्याच्याकडे बघत बसले. किसन दोनदा दाराशी येऊन गेला. दोन्ही वेळा त्याला सांगितलं, बघतो.

चार तारखेला दुपारी माझा तोल गेला. इतकी वर्षं गिळलेलं सगळंच बाहेर आलं. मी म्हटलं, "साहेब, मी आता चौथ्यांदा टाइप करणार नाही. उद्या कागद निघाले नाहीत तर किसन राहील. तुम्ही जाल आणि तो राहील. तुम्हाला त्याला न्यायचंच नसेल तर तसं सांगून टाका, माझ्या टायपिंगच्या नावावर खपवू नका."

शेजारच्या टेबलावरचे लोक वर बघायला लागले. उपळेकरांनी चष्मा काढला आणि पुसला. मग म्हणाले, "चूक टायपिंगची नाही, चित्राताई. 'मी वय खोटे सांगितलेले आहे' असं यात लिहिलंय. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. मी लिहिलं होतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. साल चौसष्ट. कारखाना नुकता उभा राहत होता आणि उपळेकर नुकतेच कारकून म्हणून लागले होते. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरटी एकाला नोकरी द्यायची असं ठरलं होतं. फाटकाशी टेबल टाकून उपळेकर नावं लिहून घेत होते. किसनचा बाप वर्षापूर्वी गेलेला, घरात आई आणि दोन लहान बहिणी. आई पोराला घेऊन रांगेत उभी राहिली. वय विचारलं, पोरानं सांगितलं, पंधरा. अठराच्या आतलं पोर घ्यायचं तर डॉक्टरचा दाखला लागायचा, काम अर्धवेळ द्यावं लागायचं, आणि वरच्यांनी बजावून ठेवलं होतं की असली पोरंसोरं नकोत. त्या दिवशी नाव लागलं नाही तर त्या घराचा नंबर गेला असता. उपळेकरांनी पोराकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि एक जून शेहेचाळीस लिहून टाकलं.

"मी त्याला विचारलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "कागदावर अठराचा झाला, म्हणून त्याला दुसऱ्या पाळीला ड्रिलवर उभा केला. आठव्या महिन्यात डाव्या हाताचं बोट गेलं त्याचं. तुम्ही बघितलं असेल."

मी बघितलं होतं. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. ज्या हातानं तो पंपाची रेष सांगायचा तोच हात. मला एकदम कळलं की हा माणूस गेली पंधरा वर्षं प्रत्येक तारीख तीन-तीनदा का वाचतो, आणि मला स्वतःची लाज वाटली. रागही गेला नाही. एवढं होतं तर पहिल्याच दिवशी बोलायचं, माझ्याकडून तीन स्टॅम्प पेपर कशाला वाया घालवले?

"मशीनला कागद लावा," उपळेकर म्हणाले. "साधा. मॅनेजरसाहेबांना टिपण."

त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. चौसष्ट सालची नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे. कामगाराने आपले वय पंधरा असे खरे सांगितले होते. नोंद मी जाणूनबुजून चुकीची केली. इथे मी थांबले. मी विचारलं, 'जाणूनबुजून'च्या जागी 'अनवधानाने' घालू का. अनवधानाने म्हटलं असतं तर ताकीद देऊन सोडलं असतं, जाणूनबुजून म्हणणाऱ्याला कंपनी टांझानियाला कागदपत्रं सांभाळायला पाठवणार नव्हती. हे मला कळत होतं आणि त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

"नको," ते म्हणाले. "पुढे लिहा."

टिपण मशीनमधून काढून दिलं. त्यांनी वाचलं आणि सही केली. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कागदात एकही चूक काढली नाही.

दिघे खवळले. म्हणाले, झाकलेलं उघडं करायचं काय अडलं होतं, नुसत्या एका सहीनं भागत होतं. पण सही आणि शिक्का असलेला कागद त्यांना गिळता येईना. दोन दिवसांत नोंद दुरुस्त झाली, तिची प्रत माणसाच्या हाती मुंबईला गेली आणि किसनचा परवाना आला. उपळेकरांना लेखी ताकीद मिळाली, आणि तुकडीच्या यादीतलं त्यांचं नाव खोडून मुंबईच्या ऑफिसातल्या एका तरुणाचं घालण्यात आलं. त्या तरुणाचे कागद तयार करण्याचं काम, अर्थातच, उपळेकरांकडे आलं. मला वाटलं, निदान याच्या बाबतीत तरी हा माणूस हात आखडता घेईल. कसलं काय. त्याला तीनदा फॉर्म भरायला लावला, फोटो बदलून आणायला लावला, आणि वर स्वाहिलीचं पुस्तक देऊन टाकलं. मी म्हटलं, साहेब, पुस्तक तरी ठेवायचं. ते म्हणाले, त्याला उपयोगी पडेल. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

खरी हकीकत किसनला अजीजकडून कळली. तो तडक ऑफिसात आला आणि उपळेकरांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, मी सही करत हुतो की," तो म्हणाला. "आसं आसंल तर मी न्हाई जात. तुमी जावा."

"तेव्हाही तुला विचारलं नव्हतं," उपळेकर म्हणाले, "आताही विचारत नाही. जा."

वीस तारखेला कंपनीच्या बसनं चौदा माणसं मुंबईला गेली. हार, पेढे, बायका-पोरं, फाटकाशी नुसता गोंधळ. किसनची बायको कस्तुरा बस दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभी होती. उपळेकर हातात यादी घेऊन माणसं मोजत होते. एकानं पिवळं पुस्तक घरी विसरलं होतं आणि ते सायकलवरून आणवण्यात त्यांची निम्मी दुपार गेली.

आठ-दहा दिवसांनी सकाळी एक म्हातारी बाई ऑफिसात आली. नऊवारी, डोईवर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. मी विचारलं, कोण पाहिजे. म्हणाली, किसनची आय, गिरजाबाई. पोचल्याची तार कंपनीत आली म्हणून ऐकलं, ती खरी का, हे विचारायला आली होती. मी तिला तार वाचून दाखवली. तरी ती हलेना. मग तिची नजर उपळेकरांवर गेली आणि ती त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. उपळेकर उठून उभे राहिले आणि तिला खुर्ची दिली.

ती म्हणाली, किसननं जाताना सगळं सांगितलं. त्ये वय तुमी लिवलं म्हून तुमास्नी हितंच ऱ्हावं लागलं, व्हय?

उपळेकर हळूच म्हणाले, "चूक माझीच होती, गिरजाबाई. एवढ्याशा पोराला मशीनवर उभं करायला नको होतं. त्याचं बोट गेलं."

"गेलं की," ती म्हणाली. "मी रडले बी लई. पन साहेब, जिमीन गेलेली, धनी गेलेला, दोन पोरी पदरात. किसनचा पगार नसता तर त्या पोरी आज दिसल्या न्हसत्या. तुमी चूक म्हन्ता. आमी त्या चुकीवर तीन वर्सं जेवलो."

पंधरा वर्षं ज्या एका ओळीसाठी या माणसानं स्वतःला आणि आम्हा सगळ्यांना छळलं होतं, तिची दुसरी बाजू त्यांना आज कुणीतरी सांगितली होती. त्यांची हनुवटी थरथरायला लागली. आता हे सगळ्यांसमोर रडणार, असं मला वाटलं.

पण ते घाईघाईनं वाकले, खण उघडला आणि त्यातला एक फॉर्म काढून तिच्यासमोर ठेवला. मान खाली घालूनच म्हणाले, "गिरजाबाई, एका फॉर्मवर तुमचा अंगठा राहिलाय."

कुठलाही फॉर्म राहिलेला नव्हता. किसनची फाइल मी स्वतः दोनदा तपासून बंद केली होती, आणि पुढ्यातला तो फॉर्म कोरा होता. एरवी मी तिथल्या तिथे बोलले असते. त्या दिवशी मी कपाटातून शाईचं पॅड काढलं आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.